निंगाक्काचं अस्तर

फार वर्षांपूर्वी, आमच्या हुलगेवाडीत घरांपेक्षा पेवं जास्त होती तेव्हा, निंगाक्का नावाची बाई पेवांना आतून अस्तर लावायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. भिंतींना शेणमातीचा लेप आणि त्यावर कडब्याचा वीतभर थर दिला, की ओल धान्याला शिवत नसे. निंगाक्का नुसता तळहात टेकवून ओल कुठे दबा धरून बसलीय ते सांगायची, असं म्हणतात.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने दडी मारली. साऱ्या गावात बियाण्याची ज्वारी उरली बारा पोती. ती गेली असती तर गावच उठलं असतं. ती एकाच पेवात ठेवायचं ठरलं, पण कडबा गुरांनी कधीच संपवला होता.

निंगाक्का दारोदार फिरली. "वाकळंचं अस्तर उसवून द्या," म्हणाली. "वरचं नगं, आतलं द्या."

काय धांदल उडाली म्हणून सांगू! बायकांनी भराभर गोधड्यांचे टाके उसवले. पाटलीणबाईंचं मात्र मन होईना. त्यांच्या वाकळेला आतून माहेरचं इरकली लुगडं होतं. त्यांनी एक जुनं गोणपाट धुऊन पुढे केलं. "ह्येच हाय आतलं," म्हणाल्या. निंगाक्काने त्यावरून हात फिरवला आणि घडी घालून ते काखेला मारलं.

पेव भरलं, तोंड लिंपलं. आणि भाद्रपदात नदी अशी फुगली की अकरा दिवस पेवावर पुरुषभर पाणी! गावाने आशाच सोडली.

पाणी ओसरल्यावर झाकण काढलं. पेवातली हवा जीव घेते, म्हणून आधी दिवा सोडतात. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. त्या दिवशी ज्योत विझायची सोडून हातभर वाढली, असं म्हणतात. निंगाक्का उतरली आणि मूठ भरून वर आली. दाणा खडखडीत कोरडा! हलगी कडाडली, म्हातारे नाचले. बारा पोती आत गेली होती, तेरा बाहेर निघाली. आता हसू नका, असंच म्हणतात.

पेव रिकामं झाल्यावर पाटलीणबाई स्वतः शिडीने उतरल्या. त्यांचं गोणपाट कुजून काळं पडलं होतं. पण त्याच्यावर, धान्याच्या बाजूने, निंगाक्काने स्वतःची अख्खी वाकळ शिवली होती.

त्या वर आल्या त्या रडतच. "निंगे, तुला कळलं हुतं. मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर चारचौघांत तुमची मान खाली गेली असती," निंगाक्का म्हणाली. "ज्वारी काय, तशीबी वाचवायचीच हुती."

त्या हिवाळ्यात निंगाक्का इरकली अस्तराच्या वाकळेत निजली.

आता पेवं बुजली. पण हुलगेवाडीत आजही नवी वाकळ शिवताना घरातलं सगळ्यांत लाडकं कापड आत घालतात, जिथे ते कुणाला दिसणार नाही. शेवटची कड शिवण्याआधी बाई आत हात घालून ते एकदा सारखं करते. शेजारणी विचारतात, "निंगाक्काला आतलं दिलंस का?"

ती म्हणते, "दिलं." या उत्तरात आजवर कुणी खोटं बोललेलं नाही, असं म्हणतात.