आबांचा रावस

"मगे माका एकट्याक पाहुणे कधी देतलास, आबा?"

लॉजच्या पाहुण्यांना गळ टाकायला खाडीत नेणारे आबा गिरप टोपलीतली सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत होते. आमिषासाठी जिवंत लागतात, मेलेलं सुंगट रावस हुंगून सोडून देतो. त्यांनी मान वर केली नाही.

"कालचो रावस कोणी धरल्यान?"

"डॉक्टरांनी."

"हात दाखव."

रुपेश कुबलने हात पुढे केला. तर्जनीवर आडवा चिरा होता, ताजा. मोठा मासा पळताना गळाची दोरी, तंगूस, बोटावरून सरकला की असा चिरा पडतो.

"डॉक्टर सकाळी गेले तेव्हा मी त्येंचो हात हातात घेतलंय," आबा म्हणाले. "त्येंच्या बोटाक काय एक नाय."

रुपेशने हात मागे घेतला.

झालं होतं ते असं. काल खाडीच्या मुखाशी पाहुण्या डॉक्टरांच्या गळाला रावस लागला. डॉक्टर गोंधळले. रुपेशने "जरा द्या" म्हणून काठी ओढून घेतली, माशाला खेळवून दमवला, होडीला लावला आणि मग फोटोपुरती काठी परत डॉक्टरांच्या हातात ठेवली. डॉक्टर खूश होते. लॉजच्या मालकीणबाई, शुभदावहिनी, त्याही खूश होत्या. रुपेश तर हवेतच होता. गळाने रावस धरण्यात त्याचा हात धरणारं त्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

"त्येंच्या हातात काठी रवली असती तर मासो गेलो असतो, आबा!"

"जाऊंदे."

"जाऊंदे काय? पाहुणो इतक्या लांबसून येता तो कित्याक?"

"ताच विचारतंय," आबा म्हणाले.

रुपेशला राग आला. राग येण्यासारखंच होतं. आबा थकले होते आणि त्यांच्या जागी कुणाला तरी नेमायचं होतं. आबा 'हो' म्हणाले तर ती जागा रुपेशची, असं वहिनींनी सांगून टाकलं होतं. नाही म्हणाले तर पुन्हा गुजरातेत वेरावळला, ट्रॉलरवर, पावसाळ्यापर्यंत. गेल्या खेपेला तो घरी आला तेव्हा त्याची लेक त्याला बघून आईच्या मागे लपली होती. "कोण तो?" असं तिने आईला विचारलं होतं.

"काय करू म्हणजे तुमी हो म्हणशात?" त्याने विचारलं.

आबा उठले. टोपली झाकली.

"उद्या भरती सरली की होडी काढ. मी पाहुणो."

दुसऱ्या दिवशी आबा आले ते केशरी जाकीट चढवून. डोक्यावर लॉजची टोपी, डोळ्यांवर कुणा पाहुण्याचा विसरलेला काळा चष्मा. रुपेशला हसू फुटणार होतं, पण आबांचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

"अहो गाइड," आबा शुद्ध शहरी मराठीत म्हणाले, "बूट भिजतील का?"

"नाय भिजाचे. बसा."

त्याने मनाशी गाठ मारली होती. काय वाट्टेल ते होवो, हात वल्ह्यांवरून उचलायचे ते सुंगट लावायला आणि गुंता सोडवायला. काठीला लावायचे नाहीत.

आबांनी त्याचा जीव काढला. होडीत उभे राहिले. गळ रुपेशच्याच सदऱ्यात अडकवला. तंगुसाचा असा गुंता केला की कोळ्याच्या पोराला लाज वाटावी. मध्येच विचारलं, "इथं नेटवर्क येत नाही का हो?" रुपेश दर वेळी गुंता सोडवी, सुंगट लावी, काठी परत देई आणि पुन्हा वल्ह्यांवर बसे.

ओहोटीचं पाणी खडकांवरून खळाळू लागलं. आबांनी गळ टाकला, वाकडाच, आणि तो नेमका खडकाच्या सावलीत पडला.

काठी वाकली.

वाकली म्हणजे टोक पाण्याला लागलं! रीळ किंचाळलं. होडीच्या पुढे पाणी फुटलं आणि रुपेरी अंग क्षणभर वर आलं. रुपेशने आजवर पुष्कळ रावस पाहिले होते. असला पाहिला नव्हता.

"टोक वर धरा! जाऊंदे त्याका, सोडा, सोडा तंगूस!"

आबा उलटंच करत होते. टोक खाली, रीळ गच्च. मासा कालवांच्या खडकाकडे निघाला होता. त्या खडकावर तंगूस एकदा घासला की संपलं.

रुपेशचे हात वल्ह्यांवरून उठले…

काठी हातभर अंतरावर होती. ओढून घेतली असती तर मासा होडीत आला असता, शंभर टक्के. दात-ओठ खात त्याने हात पुन्हा वल्ह्यांवर आणले आणि सगळं बळ लावून होडीच वळवली, खडक आणि मासा यांच्या मध्ये घालायला.

"उजवीकडे झुका! तुमचो आसा तो, झुका!"

आबा झुकले. क्षणभर वाटलं, जमलं.

टच्चकन तंगूस तुटला.

आबा फळीवर बसले. चष्मा कधीच पाण्यात गेला होता.

"गेलो रे…" ते म्हणाले. "गेलो माझो!"

ते पाहुण्याचं सोंग होतं की खरंच, रुपेशला कळेना. आबांच्या बोटातून रक्त येत होतं. त्याने आपला रुमाल फाडून ते बांधलं, नवा गळ बांधला, सुंगट लावलं आणि काठी पुढे केली.

"पुन्ना टाका."

आबांनी टाकला. ओहोटी सरेपर्यंत टाकत राहिले. काही लागलं नाही.

धक्क्यावर शुभदावहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. "काय मिळालं?"

रुपेशने तोंड उघडलं. मासा कसा वर आला, कुठे वळला, कुठे तुटला, त्याच्याइतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं. आणि रिकामी होडी घेऊन आलो, त्यात आपली बाजूही सांगितली नाही तर जागा गेलीच, हेही त्याला दिसत होतं… त्याने तोंड मिटलं.

"आबांका विचारा," तो म्हणाला आणि होडी बांधू लागला.

मग आबा बोलले. एका शब्दात काम भागवणारा माणूस, पण चहा निवून गेला तरी बोलतच होता. मासा कसा ओढत होता, कसा फिरला, आपलं कुठे चुकलं. शेवटी त्यांनी दोन्ही हात पसरले, जाकिटाची शिवण उसवेपर्यंत.

वहिनी रुपेशकडे वळल्या. "खरंच एवढा होता?"

"माका काय ठाऊक, वयनी? मी वल्ह्यार होतंय."

आबांचे हात हळूच खाली आले. ते रुपेशकडे वळले.

"मगे उद्यापासून पाहुणे तुजे, वल्ह्यार तूच बस. माझो मासो अजून खाडीत आसा."