सरासरीचे पाणी

माणसाने पाऊस मोजायला घेतला त्याच्या फार पूर्वी हे काम सह्याद्रीतल्या बेडकांकडे होते. त्यासाठी घाटमाथ्यावर एक आणि पूर्वेच्या माळावर एक, अशा बांबूच्या दोन नळ्या टांगलेल्या असत. समुद्रावरून आलेले ढग माथ्यावरच रिते होत. माळापर्यंत पोचे तो बहुधा नुसता वारा.

त्या वर्षी माळावरचे पाणवठे आटले. बेडकांनी दुष्काळ जाहीर केल्याखेरीज माळावरच्या प्राण्यांनी माथ्यावरच्या झऱ्याला तोंड लावू नये, असा नियम होता. म्हणून भिंगरी हरिणी तहानेल्या पाडसाला मागे ठेवून, माळावरची नळी तोंडात धरून घाट चढली.

"कसला दुष्काळ, बाई?" म्हातारे बेडूकअण्णा गाल फुगवून म्हणाले. "माथ्यावर शंभर बोटे, माळावर चार. सरासरी बावन्न. बावन्न म्हणजे सुकाळच की!"

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नळी त्यांच्यापुढे टाकली. आत त्या चार बोटांनंतर विणलेले कोळ्याचे जाळे होते, आणि ते कुठेही फाटलेले नव्हते.

"अण्णा, तुमचे गणित बरोबर आहे," ती म्हणाली. "आता ती बावन्न बोटे जिथे पडली, ती जागा तेवढी दाखवा. पाडसाला तिथेच नेते."

अण्णांनी माथ्याकडे पाहिले, मग माळाकडे पाहिले, आणि त्यांचे गाल हळूहळू बसले.

"सावकाश शोधा," असे म्हणून भिंगरी पाडसाला आणायला वळली. "तुम्हाला सापडेपर्यंत ते याच झऱ्यावर पिईल."