पाखराला कुणी विचारलं नाही

एका राज्यात, जिथे तळ्यातून रोज दिवेलागणीला धुकं उठे आणि घरी परतणाऱ्याला स्वतःचं दार सापडत नसे, तिथे प्रत्येक चौकटीवर एक बोलकं पाखरू बसे. कुणाकडे साळुंकी, कुणाकडे राघू. माणूस कामाला ठेवायचा तर आधी त्याला उंबऱ्यापाशी उभं करायचं आणि पाखरू काय बोलतं ते ऐकायचं, अशी तिथली रीत. कामावरचं माणूस सुटलं की जुना धनी आपल्या पाखराला गुळाचा खडा देई आणि त्याच्या कानात चार शब्द घाली. ते पाखरू शेजारच्याला सांगे, शेजारचं पलीकडच्याला, आणि ऊन उतरायच्या आत राज्यभर होई. पाखराला उलट विचारू मात्र नये. विचारलं तर घरातली लक्ष्मी उठून जाते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं होतं. कोणत्या थोरामोठ्यांनी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण लक्ष्मीचं नाव निघालं की आपण सगळेच गप्प बसतो, खोटं कशाला बोला.

त्या राज्यात हौसा नावाची ओतारीण होती, म्हणजे धातू वितळवून घंटा ओतणारी. राज्यातल्या घंटा ओतायच्या झाडून साऱ्या भट्ट्या तीन मांत्रिक भावांच्या: थोरला डंखनाथ, मधला पंखनाथ, धाकटा शंखनाथ. हौसा धाकट्याकडे शिकली, मधल्याकडे मुरली आणि थोरल्याकडे नावारूपाला आली. सच्च्या ओतारणीचा पंजा थंड धातूवरही कणकेत उमटावा तसा उमटे, आणि घंटेच्या पोटात तो पंजा असल्याशिवाय घंटा टांगायची नाही, असा राज्याचा कायदा होता. पण तिच्या कुळाला एक शापही होता. ओतारणीचा हात भट्टीपासून दूर राहिला की बोटांची माती होऊ लागे. आधी नखं, मग पेरं, मग सगळा पंजा, आणि पंजा गेला की ओतारीण संपली.

धुक्यात माणसांना घरी आणी ती राजघंटा. ती म्हातारी झाली, तडकली, म्हणून नवी घंटा ओतायचं काम भावांकडे आलं. राणीने चोख तांबं दिलं. भावांनी ते आपल्या तळघरात ठेवलं आणि तळ्याच्या तळाशी बुडालेल्या एका राजाचा शापित खजिना होता, त्यातलं तांबं मुशीत घातलं. हौसाने घंटा ठोकून पाहिली, कान लावला आणि हात मागे घेतला.

"धनी, हे तांबं पाण्यातलं आहे. पाण्याकडेच ओढ घेतंय. ही घंटा माणसांना घरी आणायची नाही, बुडवील."

"तू पंजा उमटव," डंखनाथ म्हणाला. "बाकीचं आमचं आम्ही बघून घेऊ."

"नाही उमटवणार."

"मग भट्टी सोड."

"सोडली," हौसा म्हणाली आणि पदर खोचून निघाली.

हातात कसब आहे, लोहार-तांबटांची चार दारं हिंडले तर पाचवं उघडेल, असं तिला वाटलं. भोळीच म्हणायची. पहिल्या दारी राघू मान तिरपी करून म्हणाला, "ही नको. भांडखोर आहे. ठेवाल तर पस्तावाल." दुसऱ्या दारी साळुंकी तेच बोलली. हौसाने स्वतःच तिला विचारलं, कोण म्हणतं? साळुंकीने तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याशी पाखरं बोलत नसत.

शेवटी ती चिमाकाकूकडे गेली. चिमाकाकू भांडी घडवणारी तांबटीण, हौसाला परकरात असल्यापासून ओळखणारी.

"पोरी, माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही गं," काकू म्हणाली. "पण पाखरू म्हणतंय ना."

"मग तुम्ही विचारा ना त्याला, कोण म्हणतं आणि कशापायी."

"अगंबाई, उलट विचारायचं? भरल्या घरात?"

आणि काकूने दार हळूच लोटलं. धाडकन लावलं असतं तर बरं झालं असतं, हौसाला वाटलं, निदान भांडता तरी आलं असतं. त्या रात्री तिच्या उजव्या हाताची नखं मातीची झाली.

तिच्या पायाला भिंगरी लागली. बसली की बोटं दुखत, चालली की मन दुखे. कुणी ओळखीचं दिसलं की ते रस्ता ओलांडून जाई. आपणच भांडखोर असू का, असंही तिला वाटू लागलं; दहा दारी एकच शब्द ऐकला की कुणालाही वाटेल. मग तिने मनाशी ठरवलं: शब्द ज्यांनी घातला त्यांनीच तो काढावा.

धाकटा शंखनाथ म्हणाला, "तळ्यावरचं धुकं घागरीत भरून आण, मग बघू." हौसाने घागर आतून मेणाने सारवली, धुकं भरलं, तोंडावर मेण लावलं आणि आणून दिली. शंखनाथाने घागर ठेवून घेतली. "मी तर काहीच बोललो नाही," तो म्हणाला. "मधल्याला विचार."

मधला पंखनाथ म्हणाला, "वारुळातल्या नागाने माझी अंगठी गिळली आहे, ती आण." हौसाने तापलेला साचा वारुळाशी ठेवला. थंडीने कुडकुडणारा नाग बाहेर आला, साच्याला वेटोळं घालून सुखावला आणि अंगठी टाकून गेला. पंखनाथाने अंगठी बोटात घातली. "मी नुसती मान हलवली होती. थोरल्याला विचार."

एव्हाना उजव्या हाताची बोटं मुळापर्यंत माती झाली होती.

थोरला डंखनाथ तिला घंटेपाशी घेऊन गेला. "तिसरं काम सोपं आहे. तळवा अजून शाबूत आहे तुझा. इथे टेकव. उद्या राज्यातलं एकूणएक पाखरू म्हणेल, हौसासारखी ओतारीण नाही. भट्टी तुझी, बोटंही परत."

हौसाला रडू आलं. तिला ती भट्टी हवी होती हो, तिची धग, तिचा वास, सगळं हवं होतं. तिने हात उचललासुद्धा. घंटेच्या पोटाला कान लागला आणि आत पाण्याचं चुबुक चुबुक ऐकू आलं. तिने हात खाली घेतला.

"तुमचा शब्द तुमच्यापाशी राहू द्या, धनी," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

डंखनाथाने छिन्नीने एक पंजा कोरून घेतला. घंटेच्या पोटात वाकून बघतो कोण? पाडव्याला जुनी घंटा उतरली आणि नवी चढली.

पाडव्याला सगळं राज्य तळ्यापलीकडच्या देवीला जाई. हौसाला त्या सकाळी कुठे उभंही राहवेना. ती गल्ल्यांतून नुसती फिरत राहिली, आणि दिवेलागणीला नवी घंटा वाजली तेव्हा तिचे पाय आपोआप तळ्याकडे वळले. तेव्हा तिला कळलं, सगळ्यांचेच वळले असणार. ती उलटी फिरली, राजवाड्याकडे पळत सुटली, ठेचकाळून पडली आणि तिची करंगळी तुटून मातीत मिसळली. तशीच उठली.

दारावर पहारेकरी होता, चौकटीवर राजराघू. "घंटा थांबवा," हौसा म्हणाली, "माणसं बुडतायत."

"ही नको," राघू म्हणाला. "भांडखोर आहे." पहारेकऱ्याने दार लावून घेतलं.

हौसाच्या कमरेला तिने जन्मात पहिली ओतलेली घंटी होती, आवळ्याएवढी. बोटांत धरवेना, म्हणून तिने ती मनगटाला बांधली आणि बंद दारासमोर उभी राहून वाजवू लागली. बारीकच आवाज, पण खरा. आधी एक म्हातारा धुक्यातून आला, पोटरीपर्यंत भिजलेला. मग चिमाकाकू, लुगडं गळतंय. मग माणसांमागून माणसं, आणि त्यांच्यात गळ्यापर्यंत ओली झालेली, मुकुट हरवलेली, राज्याची राणी हेमलेखा.

"मी पाण्यात होते," राणी म्हणाली. "या घंटीने मला दारी आणलं. तू कोण?"

हौसाच्या आधी राघूच बोलला, "ही नको. हिला ठेवाल तर पस्तावाल."

राणीने हौसाकडे पाहिलं, तिच्या मातीच्या हाताकडे पाहिलं. मग तिने मान वर केली.

"कोण म्हणतं?"

सगळे चपापले. लक्ष्मी आता जाते की मग, म्हणून चिमाकाकूने डोळे मिटून घेतले. राघूने दोनदा चोच उघडली, मिटली. त्याला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं.

"डंखनाथ म्हणतो."

"कशापायी?"

"घंटेत पंजा उमटवला नाही म्हणून."

"का नाही उमटवला?"

"घंटा खोटी म्हणून."

चिमाकाकूच बोलली. "अगं, मग मी इतके दिवस हे विचारलं का नाही?" असं म्हणत ती ओल्या लुगड्यानिशी घराकडे निघाली, आपल्या साळुंकीला विचारायला. मग सगळेच निघाले. हौसाच्या घंटीच्या आवाजाने वाट धरून प्रत्येक जण आपल्या दारी गेला आणि विचारू लागला. त्या रात्री किती नावं निघाली म्हणता! कुणी विणकर, कुणी माहूत, कुणी दाई, वर्षानुवर्षं वेशीबाहेर राहिलेली माणसं. सकाळी त्यांना आणायला लोक स्वतः गेले. लक्ष्मी कुठेही गेली नाही.

खोटी घंटा तळ्यात टाकली, आणि बुडालेल्या राजाला त्याचं तांबं मिळालं. भावांच्या तळघरातून चोख तांबं निघालं. हौसाने भट्टी पेटवली. धग लागली तशी मातीची बोटं तांबूस झाली, मऊ झाली, हलली. कुळाचा शाप तिथेच जळाला. करंगळी तेवढी आली नाही. नव्या राजघंटेच्या पोटात आजही चार बोटांचा पंजा आहे.

राणीने विचारलं, "या तिघांविषयी पाखरांच्या कानात काय घालू?"

"घडलं तेवढंच घाला," हौसा म्हणाली. "आणि शेवटी सांगा, हौसा म्हणते. ज्याला पटणार नाही त्याने माझ्या दारी येऊन विचारावं."

पुढे एका सकाळी धाकटा शंखनाथ काम मागायला तिच्याच भट्टीच्या दारी उभा राहिला. तो खाली मान घालून होता, आणि चौकटीवरच्या साळुंकीने त्याचं सगळं सांगितलं. हौसाने शांतपणे विचारलं, "कोण म्हणतं?"

"हौसा म्हणते," साळुंकी म्हणाली.

हौसा हसली. "म्हणते खरी," ती म्हणाली, आणि त्याला भाता ओढायला आत घेतलं.

हौसाला तिची भट्टी मिळाली, राज्याला घरची वाट मिळाली. ऐकणाऱ्यांनी घरी जावं, आणि आत शिरण्याआधी चौकटीकडे एकदा मान वर करावी.