नुसतं 'वाढा'

विट्याच्या सुमित्राताई काळुंखे सत्कारांना अगदी विटून गेल्या होत्या. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना हाताशी धरून त्यांनी खानावळ काढली होती. पण गिऱ्हाईक बेताचंच, चुली विझायची वेळ आलेली. कारखानदार शेटेसाहेबांकडे त्यांचं एकच मागणं होतं, कामगारांचं जेवण आमच्याकडून घ्या. साहेब ते कानाआड करून दर वर्षी त्यांना स्टेजवर बोलवायचे, शाल-श्रीफळ द्यायचे आणि माइकवरून गरजायचे, "ताई, आमचा पाठिंबा आहे. वाढा, खूप वाढा!"

एके दुपारी साहेब फोटोग्राफरला घेऊन आपल्या पाठिंब्याचा परिणाम बघायला खानावळीत आले. पोटात कावळे ओरडत होते. ताईंनी त्यांना पाटावर बसवलं, पुढ्यात रिकामं ताट मांडलं, अंगावर शाल घातली, हाती नारळ दिला आणि थकल्या आवाजात साहेबांच्या थोरवीवर भाषण सुरू केलं. आतून पिठल्याचा वास येत होता. भाषण काही संपेना.

शेवटी साहेब कळवळून म्हणाले, "अहो ताई, सत्कार पुरे. आता वाढा की!"

"नुसतं 'वाढा' म्हटल्यानं कुणी वाढत नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "आम्ही चार वर्षं तेच ऐकतोय."

साहेबांनी रिकामं ताट पुढे सरकवलं. मग हळूच म्हणाले, "सोमवारपासून कामगारांचं जेवण तुमच्याकडून."

तेव्हा कुठे ताटात पिठलं-भाकरी पडली.

जेवून उठताना साहेबांनी खांद्यावरची शाल चाचपली. "ताई, शाल जरा हलकीच आणलीत हो."

"आणली नाही साहेब," ताई म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुम्हीच दिली होती."