सुगरणीच्या पुस्तकाचं प्रकाशन

ही तेव्हाची गोष्ट, जेव्हा जनावरं पुस्तकं लिहायची आणि माणसं झाडावर बसून भाषणं ऐकायची.

कोल्होबा प्रकाशकाने एकाच समारंभात चार पुस्तकं काढली. घुबडाची रहस्यकादंबरी, बेडकाचं आत्मचरित्र, मगरीचं पोहण्याचं पुस्तक आणि सुगरणीचं घरटं विणण्याचं. अध्यक्ष गजराजांनी सुगरणीचं पुस्तक सोंडेने उंच धरलं. "काल हाती घेतलं, ते संपवूनच खाली ठेवलं! पिल्लांनो, यातली ओळ न् ओळ पाळा."

सुगरणीने पहिलं पान उघडलं आणि तिची चोच उघडीच राहिली. 'श्वास रोखून डोहात उडी घ्यावी.' बांधणीत तिच्या मुखपृष्ठाआड मगरीचं पुस्तक शिरलं होतं. मगरीने स्वतःचं अजून उघडलंच नव्हतं.

"कोल्होबा, पिल्लं बुडून मरतील हो! प्रती परत घ्या."

"अगं बाई, भरल्या मांडवात अपशकुन कशाला? शाल घे आणि गप्प बस."

सगळ्या प्रती खपल्या. सुगरण उन्हाळाभर डोहाकाठी पहारा देत बसली. एकही पिल्लू तिकडे फिरकलं नाही. पावसाळ्यात फांदोफांदी पिल्लांची घट्ट घरटी झुलू लागली, आईबापांचं बघून विणलेली.

"बघ, तुझ्या पुस्तकाने काय क्रांती केली!" गजराज म्हणाले.

"पिल्लं जगली, भरून पावले," म्हणत सुगरण घरट्यात शिरली आणि आनंदाने रडली, असं कोल्होबा सांगतो. आनंदानेच का, हे काही त्याने विचारलं नाही. तो दुसऱ्या आवृत्तीच्या घाईत होता.