कोंडवळचा भुईफणस

कोंडवळच्या देवळामागे फणसाचे एक जुने झाड आहे. दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा बुंधा, पण त्यावर एकही फळ धरत नाही. वैशाखात मुळांपाशी भुई तडकते, वास सुटतो आणि फणस मातीतून उकरून काढावा लागतो. पाहुणे नवल करतात. मग देवळाचे म्हातारे गुरव, तातू, पायरीवर बसून सांगू लागतात.

पूर्वी इथे सुभानाचे घर होते म्हणे. देवीला पहिला फणस देण्याचा मान त्याच घराचा. तो दिल्याशिवाय कुणी गरा तोंडात घालायचा नाही. सुभानाची आई तुळसा इतकी कडक, की घरातले मांजरही दबकून चाले. सुभाना अंगापिंडाने धिप्पाड, मिशीला पीळ देणारा. पण ती मिशी उंबऱ्याबाहेर पडल्यावरच वर व्हायची.

त्याची बायको आवडी सात महिन्यांची गरोदर होती. तिला फणसाचे डोहाळे लागले. दारात पिकल्या फणसाचा घमघमाट आणि देवीची पूजा आठ दिवसांवर. तिला अन्न जाईना. सुभानाला तिचा कळवळा आला, एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे. आई ओढ्यावर गेल्यावर त्याने देवीचा फणस उतरवला, चीक चिकटू नये म्हणून हातांना तेल चोळून फोडला आणि मागाहून रिठ्याने हात स्वच्छ धुतले. आवडीला तेलाचे भान कुठले! दोन्ही हातांनी गरे ओरबाडून ती पोटभर जेवली आणि हसली. लग्नानंतर तिला तशी हसताना त्याने पहिल्यांदाच पाहिले.

तुळसा परतली तो झाडावर नुसता देठ. तिने चुलीतली राख सुपात ओतली आणि घरातल्या सगळ्यांना हात बुडवायला लावले. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, राख त्याला धरून बसते. सुभानाच्या हातांवरची राख फुंकरीसरशी उडाली. आवडीचे पंजे करडे झाले.

"ह्या पोटानं तू झाडावर चढली नाहीस," तुळसा म्हणाली. "कुणी काढून दिलान गो तुला?"

आवडीने नवऱ्याकडे पाहिले, पण नाव घेतले नाही. त्याने एक वाक्य बोलायचे होते. आईने फार तर शिव्या घातल्या असत्या, देवीला दंड द्यावा लागला असता. सुभाना पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा राहिला.

"नाव सांगेपर्यंत बांध हिला झाडाला."

आणि तिला बांधले सुभानानेच, असे सांगतात. वैशाखाचे ऊन, हातांना गऱ्यांचा गोड रस. झाडावरच्या तांबड्या मुंग्या उतरल्या. दुपारभर ती पाणी मागत होती. शेजारी ऐकत होते, पण देवीच्या मानाच्या गोष्टीत मध्ये पडायचे कसे, म्हणून कुणी कुंपण ओलांडले नाही. ऊन कलल्यावर दोर सोडला, तेव्हा आवडी गेली होती, पोटातले मूलही गेले होते. देवीची चोर म्हणून तिला मसणवट मिळाली नाही. मुळांपाशीच पुरले. तुळसा त्यानंतर वीस वर्षे जगली, चांगली जेवूनखाऊन.

पुढच्या वैशाखात झाडाला फणस लागला नाही. आवडीला पुरले तिथली भुई मात्र तडकली आणि वास सुटला. सुभानाने नखांनी माती उकरली. आत तान्ह्या पोराएवढा फणस होता. त्याने तो बिनतेलाच्या हातांनी फोडला, हात राखेत बुडवले आणि देवळात जाऊन गावापुढे धरले.

"फणस मी काढला."

जिने ऐकायला हवे होते ती मातीखाली होती. मरेपर्यंत त्याने ते हात धुतले नाहीत म्हणे, आणि गावात कुणी त्या हातचे पाणी घेतले नाही.

आजही कोंडवळात पहिला भुईफणस गरोदर बाईला देतात. आधी तिच्या नवऱ्याने तो उकरून बिनतेलाने फोडायचा, हात राखेत घालायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचे, "फणस मी काढला." तीनच शब्द आहेत, तातू म्हणतात, पण ते बोलायच्या आधी भलेभले पायाच्या अंगठ्याकडे पाहतात. बाई त्याच्या राखाडलेल्या हातांकडे नीट पाहून घेते आणि मगच गरा उचलते.