नवा टर्बो, जुनं इंजिन

गाड्यांना अजून चावी लागायची तेव्हाची गोष्ट. इलाही मिस्त्रींच्या गॅरेजात शर्यतीची एक गाडी आली. इंजिनात हवा कोंबणारा तिचा जुना टर्बो मिस्त्रींनी काढून फळीवर ठेवला आणि नवा बसवला.

"तुला वेग घ्यायला किती वेळ लागायचा," नवा म्हणाला. "मी पेडल दाबताच जोर देतो."

"वेळ इंजिनाला लागायचा, म्हणून मी थांबायचो," जुना म्हणाला. "त्याचे पिस्टन पंधरा वर्षांचे आहेत. जरा सांभाळून घे."

म्हातारपणी कुणी जोर देतंय, याचं इंजिनाला बरंच वाटत होतं.

"रणधीरराव, पिस्टनही बदलायला पाहिजेत," मिस्त्री मालकाला म्हणाले.

"शर्यत रविवारी आहे. नंतर बघू."

मिस्त्रींनी बॉनेट लावलं.

रविवारी तिसऱ्या फेरीत पिस्टन फुटला. गाडी ओढून आणावी लागली. इंजिन आणि जुना टर्बो एकाच टेम्पोतून भंगारात गेले. नव्या टर्बोवर ओरखडाही नव्हता. मिस्त्रींनी तो पुसून दुसऱ्या गाडीच्या इंजिनावर चढवला.

"आधीचं इंजिन कसं होतं?" त्या इंजिनानं विचारलं.

"कमजोर होतं," टर्बो म्हणाला.